पुढचा चेंडू

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, एका मंगळवारी सकाळी, बिबवेवाडीतल्या एका शाळेच्या मैदानावर सातवीतल्या अल्फियाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. चेंडू सीझनचा होता, म्हणजे कातड्याचा, शिवणीचा, कठीण. तो डाव्या कानाच्या वर लागला. ती खाली बसली, उठली, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली आणि आणखी एक चेंडू खेळली. दुपारी वर्गात तिला उलटी झाली. संध्याकाळी ती रुग्णालयात होती.

यंदाचा डिसेंबर आला आहे. कात्रजच्या बाजूने येणारा गारवा सकाळी मैदानांवर पसरून असतो, मार्केट यार्डाकडे गेलेल्या ट्रकांमागे कांद्याचा वास रेंगाळतो, शाळांच्या सूचनाफलकांवर आंतरशालेय स्पर्धांची पत्रके लागतात. पुणेकर या दिवसांत कपाटातले स्वेटर काढतात, हुरड्याचे बेत ठरवतात, टेकडीवर जायचा संकल्प करतात आणि मोडतात. शाळाशाळांत क्रिकेट घेऊन जाणाऱ्या एका लहान संस्थेतली माणसे या दिवसांत फोन वाजला की आधी नाव बघतात. नाव शाळेचे असेल तर उचलायला थोडा उशीर करतात.

संस्था माधवीताईंची. त्या एकेकाळी विद्यापीठाच्या संघातून खेळल्या, नंतर बँकेत नोकरी केली, ती मुदतीआधी सोडली आणि मैदान नसलेल्या, असले तरी त्यावर काही न घडणाऱ्या शाळांकडे वळल्या. सतीश हा त्यांचा मुख्य प्रशिक्षक. मूळचा अमरावतीकडचा. चाकणच्या कारखान्यात कामाला म्हणून पुण्यात आला, रविवारी मुलांना शिकवू लागला आणि पुढे रविवारच उरला, कारखाना सुटला. संस्थेची पत्रके आणि छायाचित्रांखालच्या ओळी लिहिण्याचे काम वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त झालेल्या माझ्याकडे आहे. कार्यालय म्हणजे वारज्यात माधवीताईंच्या सोसायटीच्या पार्किंगमधली एक बंद खोली. दार उघडले की आधी वास येतो: जुन्या ग्लोव्हजमधला घाम, बॅटला चोळलेले जवसाचे तेल, दमट पॅड. खोलीसमोर गाडी लावणारे एक आजोबा रोज विचारतात, "शाळा चालवता की धोबीघाट?" माधवीताई रोज तेच सांगतात, "धोबीघाटाला नफा असतो, काका."

डिसेंबरचा दुसरा वास ओल्या काथ्याचा. शाळांच्या मुरमाड मैदानांवर खेळपट्टी नसते. काथ्याची लांब मॅट पसरायची, कडेने खिळे ठोकून ताणायची आणि तिच्यावर खेळायचे. रात्रीचे दव मॅट पिऊन घेते. ऊन आले की ती एकसारखी वाळत नाही. कुठे ताठ होते, कुठे फुगते, कुठे बोटाएवढी सुरकुती धरते. हातांनी चाचपल्याशिवाय ती सुरकुती कळत नाही. सतीश रोज गुडघ्यांवर बसून मॅट चाचपतो. त्या मंगळवारीही त्याने ती चाचपली होती. एवढी गोष्ट पाहणारे तिथे दोघे-तिघे होते आणि सगळ्यांचे सांगणे जुळते.

संस्थेने सुरुवात टेनिसच्या चेंडूने केली होती. तो लागला तर गाल लाल होतो, मुले हसतात, खेळ पुढे जातो. त्याचा आवाजही मवाळ, उशीवर थाप मारल्यासारखा. पण आंतरशालेय स्पर्धा सीझन बॉलवर होतात. मुलींचा संघ उतरवायचा ठरला तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी चेंडू हातात घेतला, नखाने टिचकी मारून पाहिला आणि परत ठेवला.

"आमच्याकडे खो-खो आहे," त्या म्हणाल्या. "त्यात चेंडू नसतो."

"टेनिस बॉलवर शिकून मुलींनी जायचं कुठे, बाई?" माधवीताई म्हणाल्या. "सोसायटीच्या पार्किंगमध्ये?"

बाईंनी परवानगी दिली. सही करताना एवढेच म्हणाल्या, "आपण जबाबदार माणसं आहात, असं धरून चालते."

सीझन बॉलचे आवाज वेगळे. बॅटच्या मधोमध बसला तर लाकूड बोलल्यासारखा, पॅडवर बसला तर गादी झटकल्यासारखा. हेल्मेटवर बसला तर जो आवाज येतो, त्याला मराठीत चपखल शब्द मला अजून सापडलेला नाही. तो आला की मैदानावरचे सगळे आवाज एकदम थांबतात. भिंतीपलीकडच्या रिक्षा ऐकू येऊ लागतात.

या संस्थेची एक पद्धत होती. चेंडू लागलेल्या मुलाला लगेच बाहेर बसवायचे नाही. नाव काय, वार कोणता, ही बोटे किती, असे विचारायचे. उत्तरे नीट आली तर त्याच गोलंदाजाने, त्याच टोकाकडून, एक हळू, सोपा चेंडू टाकायचा. तो खेळला की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, मग बसायचे. मैदानावर याला "पुढचा चेंडू" म्हणत. सतीशला हे त्याच्या गावाकडच्या सरांनी शिकवले होते आणि पुण्यात ते खरे ठरताना सगळ्यांनी पाहिले होते. मार खाऊन तसेच घरी गेलेले मूल दुसऱ्या दिवशी येत नसे. मुलगी असेल तर घरचेच पाठवत नसत. पुढचा चेंडू खेळून गेलेली मुले परत येत, शिवाय लागलेली जागा अभिमानाने दाखवत. "भीती घेऊन कुणी घरी जात नाही" ही ओळ संस्थेच्या पत्रकावर वर्षानुवर्षे ठळक अक्षरांत छापली गेली. देणगीदारांना ती फार आवडे. शिक्षकांनाही.

मुलांच्या मनात भीती बसेल, याची या माणसांना इतकी भीती होती की दुसऱ्या कुठल्या भीतीला त्यांच्याकडे जागाच नव्हती. हे आज लिहिता येते. त्या सकाळी ते कुणाला दिसत नव्हते.

त्या सकाळी ऊन नुकतेच भिंतीवरून आत उतरले होते. अल्फिया चौथ्या क्रमांकावर खेळायची. क्रीझवर आली की बॅट मधल्या स्टंपसमोर आहे ना, असे आधी सतीशला विचारायची, "सर, मिडल?" त्याने मान हलवली की बुटाच्या टोकाने मॅटवर रेघ ओढल्यासारखे करायची. काथ्यावर रेघ उमटत नाही, हे तिला ठाऊक होते. चेंडू सतीशच टाकत होता. तो मॅटच्या सुरकुतीवर पडला आणि उसळला. हेल्मेट चांगले होते, मापाचे होते. ती खाली बसली.

"नाव?"

"अल्फिया."

"वार?"

"मंगळवार. सर, मी ठीक आहे."

"बोटं?"

"दोन. तिसरं वाकडं धरलंय तुम्ही."

सगळे हसले. माधवीताईंनी फोन काढून चित्रीकरण सुरू केले. पुढच्या चेंडूचे चित्रण त्या नेहमीच करीत. सतीशने हळू चेंडू टाकला. अल्फियाने पाय पुढे टाकला आणि तो सरळ, गोलंदाजाच्या बाजूने, मैदानाच्या भिंतीपर्यंत मारला. त्या हंगामात कुठल्याही मुलीने मारलेला तो सर्वांत देखणा फटका होता. टाळ्या वाजल्या. तासाभरात ते चित्रीकरण संस्थेच्या ग्रुपवर गेले. खाली अंगठे आले, हृदये आली. एकाने लिहिले, "याला म्हणतात काळीज." शाळेची घंटा झाली, मुलींनी पॅड सोडले, गणवेश चढवले आणि त्या वर्गात गेल्या.

तिसऱ्या तासाला अल्फियाने बाकावर डोके टेकले. शिक्षिकेला वाटले, सकाळी लवकर उठते, पेंगते आहे. मग तिने खिडकी लावायला सांगितली, उजेड डोळ्यांना खुपतो म्हणाली. मग उलटी झाली.

सातारा रस्त्यावरच्या रुग्णालयात तिचे वडील आधी पोचले होते. सलीमभाईंचे बिबवेवाडीत फोम आणि रेक्झिनचे दुकान आहे. रिक्षांच्या सीट, सोफ्यांच्या गाद्या, दवाखान्यांतली बाके. संस्थेच्या पॅडचे तुटलेले पट्टे तेच शिवून द्यायचे. मजुरीचा विषय काढला की म्हणायचे, "मॅडम, आमची पोरगी फुकट शिकते ना, मग हे पण फुकट." त्यांच्या शर्टाला पिवळ्या फोमचा भुगा चिकटलेला होता. माधवीताई आणि सतीश आत आले तेव्हा ते उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"बॉल लागतो, मॅडम. मला माहीत आहे. मी पण खेळलोय, कॅम्पात. लागल्यावर तुम्ही काय केलं, तेवढं सांगा."

माधवीताईंनी सतीशकडे पाहिले.

"एक बॉल खेळायला लावला," सतीश म्हणाला.

"का?"

"भीती मोडायला."

"कुणाची?"

बाकावर बसलेल्या अल्फियाच्या आईने ओढणीचे टोक हातात घट्ट धरले होते आणि ती फक्त आतल्या दाराकडे पाहत होती.

डॉक्टर तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी अल्फियाला विचारले, "काय झालं ते सांग बरं, सावकाश."

"बॉल आला. उडाला. मी खाली बसले."

"मग?"

"मग वर्गात होते."

"मध्ये एक बॉल खेळलीस ना?"

"नाही."

डॉक्टरांनी मान वळवली. अल्फियाही सतीशकडे पाहू लागली.

"सर, मी खेळले?"

सतीशने मान हलवली.

"आउट झाले?"

"नाही," तो म्हणाला. "चौकार होता."

ती थोडे हसली आणि डोळे मिटून घेतले. वार तिने अचूक सांगितला होता, बोटेही सांगितली होती. तेही तिला आठवत नव्हते. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, मेंदूला धक्का बसला आहे, स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसत नाही, रात्र पाहायची. मग म्हणाल्या, "पहिला बॉल अपघात होता. दुसरा तिथेच लागला असता तर ती कदाचित उठली नसती. आणि त्याला अपघात म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवलं असतंत."

वर्तमानपत्रात "प्रकृती स्थिर" असे दोन शब्द असतात. डेस्कवर ते रोज लागतात. मथळ्याच्या मापात बसतात, कुणाची हरकत येत नाही. ते शब्द बाहेरच्या बाकावर बसून ऐकणाऱ्याला काय सांगतात, हे तिथे बसल्यावरच कळते. स्थिर म्हणजे अजून बिघडली नाही. स्थिर म्हणजे बिघडू शकते. त्या बाकावरून येणारीजाणारी प्रत्येक परिचारिका आपल्याकडेच येते आहे असे वाटते आणि ती दुसरीकडे वळली की सुटल्यासारखे वाटते. त्या सुटण्याचीही मग लाज वाटते.

तिथेच, त्या बाकावर, माधवीताईंनी चित्रीकरण पुन्हा पाहिले. सकाळी ते सगळ्यांनी अभिमानाने पाहिले होते. आता दिसले ते असे: अल्फिया क्रीझवर येते. काही विचारत नाही. बुटाने रेघ ओढत नाही. लेग स्टंपच्याही बाहेर उभी राहते, जिथे ती कधी उभी राहत नसे. पाय सवयीने पुढे जातो, बॅट सवयीने येते. टाळ्या वाजतात आणि ती टाळ्यांकडे बघत नाही. आपल्याच शाळेची भिंत पहिल्यांदा पाहावी तशी भिंतीकडे बघत राहते. चित्रण तिथे संपते. माधवीताईंनी ते ग्रुपवरून काढून टाकले. तोवर ते अनेकांकडे उतरले होते. दुसऱ्या दिवशीही ग्रुपवर एक अंगठा आला.

रात्र गेली. अल्फियाला घरी सोडले. बातमी इथे संपते, आजार संपत नाही. उजेड सहन होईना, म्हणून सलीमभाईंनी दुकानातले काळे रेक्झिन आणून खिडक्यांना लावले. ओळी हलतात म्हणून वाचता येईना. बहिणीने मोठ्याने धडा वाचला की तिला रडू येई. सहामाहीनंतरच्या चाचण्या बुडाल्या. संक्रांत त्या काळ्या खोलीतच गेली. बाहेर पोरे पतंगांवरून भांडत होती आणि आत तिची आई तिळाची वडी तुकडे करून भरवत होती. माधवीताई दर आठवड्याला जात. त्यांना चहा मिळे, बसायला नवी गादी मिळे. एकदा सलीमभाई म्हणाले, "हेल्मेटला आतून आणखी फोम लावून दिला असता मी. पण कवटीच्या आत कोण लावणार?" हे ते विनोद म्हणून बोलले होते. माधवीताई हसल्या आणि जिना उतरल्यावर बराच वेळ खाली उभ्या राहिल्या.

पत्रकावरची ती ओळ काढली. नवा नियम केला: डोक्याला लागले की त्या दिवशी खेळ बंद, आणि डॉक्टर लिहून देईपर्यंत बंद. नियम करणे सोपे गेले. मुख्याध्यापिका बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "हे आधी का नव्हतं, असं मी विचारणार नाही. आपल्याला माहीतच असेल."

उन्हाळ्यात अल्फियाची डोकेदुखी थांबली. पुढच्या वर्षी तपासणी झाली, आणखी एक झाली, सगळे ठीक निघाले. संस्थेत मात्र भीतीने मुक्काम केला. सतीशने सीझन बॉल टाकणे सोडले. मॅट तो पूर्वीसारखीच चाचपतो, फक्त आता दोनदोनदा, आणि मुले खेळायला उभी राहिली की स्वतः बाजूला होतो. लोणी काळभोरच्या शाळेत मैदान मोठे आहे, मागे उसाचे फड आहेत, पोरे दणकट. तिथे तो अजून मऊ चेंडूवरच शिकवतो.

"सर, ह्यो बॉल लागतच न्हाय," तिथली एक मुलगी म्हणाली.

"म्हणून तर टाकतोय."

"मंग स्पर्धेला काय करायचं? त्यांना सांगायचं व्हय, आमचं सर भित्यात म्हणून?"

मुली हसल्या. सतीशही हसला. तिने चुकीचे काही सांगितले नव्हते. संस्थेच्या बैठकीत हाच प्रश्न माधवीताईंनी वेगळ्या शब्दांत मांडला होता आणि त्याने पाणी प्यायला म्हणून उठून उत्तर टाळले होते.

थंडीत मैदानावर उभे राहिले की कधीकधी जाणवते, या माणसांचे कान बदलले आहेत. पूर्वी ते बॅटचा आवाज ऐकत. आता दोन आवाजांमधली शांतता ऐकतात. मूल जरा खाली वाकले, बुटाची नाडी बांधायलाही, तरी कुणीतरी दोन पावले पुढे येते. मग नाडी दिसते. पाऊल मागे जाते. कुणी कुणाकडे बघत नाही.

या महिन्याच्या सुरुवातीला बिबवेवाडीच्या शाळेतून फोन आला. माधवीताईंनी तो उशिरा उचलला. बाई म्हणाल्या, नववीतल्या एका मुलीला संघात परत यायचे आहे, कोण ते आपल्या लक्षात आले असेल. त्याच आठवड्यात अल्फिया स्वतः मैदानावर आली. उंच झाली आहे. डॉक्टरांची चिठ्ठी तिने आधी माधवीताईंना दाखवली, मग सतीशसमोर उभी राहिली.

"सर, मला खेळायचंय. डॉक्टर हो म्हणालेत. पप्पा हो म्हणालेत. अम्मी नाही म्हणाली होती, ती पण आता हो म्हणते. तुम्ही राहिलात."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तुम्ही नाही म्हणालात, असं होईल. मी घाबरले, असं नाही होणार."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," ती म्हणाली. "पण मला तो बॉल आठवतच नाही, सर. सगळे सांगतात भारी मारला. मला एक असा खेळायचाय, जो आठवेल."

सतीशने उत्तरासाठी दोन दिवस मागितले. ती म्हणाली, "घ्या. मी दोन वर्षं घेतलीत." त्या दोन दिवसांत त्याने त्या डॉक्टरांना फोन करून तेच प्रश्न विचारले, ज्यांची उत्तरे चिठ्ठीत लिहिली होती. डॉक्टरांनी पुन्हा तीच उत्तरे दिली. धोका शून्य असतो का, असे त्याने विचारले. त्या म्हणाल्या, "शून्य हवं असेल तर कॅरम शिकवा." त्याने सलीमभाईंनाही फोन केला. ते म्हणाले, "सर, माझं ऐकून ठरवू नका. मी तर अजून रात्री उठून तिचा श्वास बघतो. पण रोज मैदानाच्या भिंतीपाशी थांबून घरी येणारी पोरगी पण मीच बघतो."

शनिवारी सकाळी दव जास्त होते. सतीशने मॅट दोनदा चाचपली, मग अल्फियाला सांगितले, तूही चाचप. ती गुडघ्यांवर बसली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत गेली. सलीमभाई दुकान उशिरा उघडायचे ठरवून आले होते आणि माधवीताईंच्या शेजारी उभे होते. माधवीताईंचा फोन पिशवीत होता. मुख्याध्यापिका बाई शाळेच्या कार्यालयाच्या खिडकीत होत्या. त्यांनी हातात कुठलासा कागद धरला होता, पण तो वाचत नव्हत्या.

अल्फियाने हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला. बाकीच्या मुली सरावाच्या जाळीमागे बसल्या होत्या. माधवीताईंनी सीझन बॉल उचलला आणि सतीशकडे पाहिले. त्याने हात पुढे केला, चेंडू घेतला, शिवण बोटांत बसवली. धावत आला आणि थांबला. परत गेला. पुन्हा धावत आला, पुन्हा थांबला.

"टाका, सर," सलीमभाई म्हणाले.

सतीशने चेंडू टाकला. तो ऑफ स्टंपच्या बाहेर पडला आणि थोडा उसळला. अल्फियाने बॅट वर उचलून धरली, चेंडू शेवटपर्यंत पाहिला आणि सोडून दिला. तो मागच्या जाळीला लागला.